शेजारच्या सीटवरून

हॅलो?… हो, बोल छकू… नाही गं, झोपले नव्हते. आत्ताच आलो शोरूममधून, पाय सोडून बसलेय जरा… हो, दोघंही. तुझे भाऊजीसुद्धा… अगं आले म्हणजे आले. सांगते ना. आधी तुझं काय ते बोल.

कोण, गोट्या? कुठली गाडी म्हणतोय?… ती उंच, दांडगी? एकट्याने ऑफिसला जायला? मागच्या सीटवर काय वारा बसवून नेणार आहे का तो?… हे बघ, आज तीन शोरूम पालथी घातलीत मी. आता मला विचार. त्याला म्हणावं, छोटी हॅचबॅक घे. पेट्रोल कमी पिते, गल्लीबोळात वळते, कुठेही उभी करता येते. पहिली गाडी आहे, कुठेतरी घासणारच. मग महागातली कशाला घासायची?… रागावू दे. मावशीने सांगितलं म्हण.

तुमचं वेगळं. सासू-सासरे, तुम्ही दोघं, पोरं… तुम्ही सात सीटरच बघा. पण तिसऱ्या रांगेत तू स्वतः बसून बघ हं. म्हणायला सात, पण मागच्याचे गुडघे हनुवटीला लागतात. आणि सातही जण बसले की डिकीत पिशवीपुरतीच जागा… हो, हो… अगं ऐक ना. सासूबाईंना मधल्या रांगेत, दाराकडे.

विजेवरची? पाहिली ना. तुम्हाला चालेल. अंगण आहे, रात्री लावून ठेवलीत की झालं. रोजचं जाणं-येणं स्वस्तात पडेल. मी काय, दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडू?… छान आहे गं, पण आवाजच नाही. चालू झालेली मला कळलंच नाही, बसले आपली वाट बघत. बाबांची आठवण आली. ‘गाडी हातांनी नाही, कानांनी चालवायची.’ त्यांनी काय ऐकलं असतं हिच्यात?

हो, तीच. बाबांची, सायीच्या रंगाची… फिनेलचा वास, आणि ओल्या कुत्र्याचा. गुरांच्या डॉक्टरची गाडी, दुसरा कसला येणार? शाळेत सगळे म्हणायचे, तुम्ही गोठ्यात राहता का… नाही, गाडीत नेलेलं वासरू होतं ते. शेळी नाही… छकू, माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं, मला सांगतेस? तू शेपटीकडे होतीस म्हणून तुला शेळी वाटली… हो, आणि चढावर गाडी बंद पडली. बाबा म्हणाले, पोरींनो, उतरा आणि ढकला. आपण दोघी ढकलतोय आणि वासरू मागच्या काचेतून बघतंय आपल्याकडे. मोठ्या साहेबासारखं.

हसू नकोस, मलाही हसू येतंय… बाजाराच्या मोकळ्या मैदानात शिकवलं त्यांनी मला. तुझे पाय पोचत नव्हते तेव्हा, तू मागे बसून ओरडायचीस. एकदा वळण नीट जमलं तर नुसती काच खाली केली आणि बाहेर बघत बसले. तेवढीच शाबासकी. अजून आठवते.

आमची?… हो, सांगते. तुला माहितीये, अर्धांगाचा झटका आल्यापासून दवाखाना सोडून घराबाहेर पडले होते का तुझे भाऊजी? गाडीसुद्धा विकायला लावली. ‘चालवणार कोण आता?’ म्हणाले. मी पुन्हा गाडीच्या शिकवणीला जातेय हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?… भीती म्हणजे… त्यांना लागलं असतं गं. इतकी वर्षं हातात स्टेअरिंग असलेला माणूस.

आज म्हटलं, नुसतं बघायला चला, माझा वेळ जात नाही. आले. छोटी गाडी त्यांना फार खाली पडली, गुडघा वाकेना. उंचवाली चढायला फार उंच, शोरूमची दोन माणसं धावली हात द्यायला. तोंड असं झालं त्यांचं. म्हणाले, घरी चल… मीही चलाच म्हणणार होते. पण तिसरीकडे एक होती, सीट बरोबर कमरेइतकी. आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. डावा त्यांनी घेतला, उजवा मी उचलून ठेवला. दार लावलं. त्यांची चाकांची खुर्चीही मागे घडी करून मावली.

मग ती विक्री करणारी पोरगी म्हणाली, चक्कर मारून बघा. ह्यांना वाटलं तीच चालवणार. ती गेली मागे, आणि स्टेअरिंगवर मी… हे समोर बघत राहिले. ऑटोमॅटिक होती, क्लच नाही, गियर नाही, तरी माझा डावा पाय आपला क्लच शोधतोय.

पंपापाशी ती म्हणाली, इथून मागे वळवा. मी वळवायला गेले, तर हे म्हणाले, ‘पुढे घे.’… हो, तेच. अजून जड बोलतात, पण स्पष्ट म्हणाले. ती मागून म्हणतेय, मॅडम, परवानगी इथपर्यंतच आहे. हे म्हणाले, ‘पुढे.’ मी गेले गं. पार नदीच्या पुलापर्यंत. ती बिचारी फोनवर साहेबांना समजावतेय.

पुलावरून गेल्यावर म्हणाले, ‘तुला इतकं चांगलं येतं, मग इतकी वर्षं शेजारी गप्प कशी बसलीस?’

म्हटलं, गप्प कुठे होते? रोज तर ओरडत होते, हळू चालवा म्हणून… हसले गं. अर्धंच तोंड हसतं आता, पण हसले. किती महिन्यांनी.

हो, तीच घेतली. रंग मिळेल तो… थांब हं, हाका मारतायत… काय हो?… छकू, ते विचारतायत, गाडी आली की रविवारी घरी आहात का. तुझ्याकडे यायचं म्हणतायत… अगं खरंच… नाही, पायऱ्यांचं बघू. गोट्याला उचलायला सांगू नकोस, आवडत नाही त्यांना. अंगणात खुर्च्या टाक, तिथेच बसू… हो, मीच चालवणार. दुसरं कोण?

रडतेस काय?… मग नाक का ओढतेस?… बरं, बरं. सर्दी.

ठेवते आता. ह्यांचे बूट काढायचेत. आल्यापासून काढूच देत नाहीयेत. म्हणतात, राहू दे अजून थोडा वेळ.