चाळिसावी बेरीज

“उत्तर चुकलंय तुमचं, आन् शिक्षा माझ्या नातीला?” परीक्षेच्या कार्यालयात धुळा खिडकीत वाकून म्हणाला. त्याच्या मागं रांगेत उभ्या सुरय्यानं कान टवकारले.

“एका मार्कासाठी एवढा आरडाओरडा, आजोबा?”

“त्या एका मार्कानं स्वप्नालीची शिष्यवृत्ती गेली, साहेब. कोरेगावास्नं पहिल्या एस्टीनं आलोय आमी. सांग गं, प्रश्न काय हुता?”

“एक्केचाळीसमध्ये दोन मिळवा. आलेल्या बेरजेत चार, मग सहा, मग आठ, असं करत जा. दर वेळी मूळ संख्याच येते, बरोबर की चूक? मी ‘चूक’ असं लिहिलं.”

“अगं, आम्ही दहा बेरजा करून बघितल्यात. दहाही मूळ!”

“चाळिसावी बघितली का, सर? सोळाशे एक्क्याऐंशी येते.”

“मग?”

“धा मेंढरं बिनखोडीची दिसली म्हणून आमी आख्खा कळप इकत घेत न्हाई, साहेब. स्वप्ने, वत पिशवी.”

मोजून आणलेले सोळाशे एक्क्याऐंशी चिंचोके खळाळत फरशीभर पसरले.

“अहो, खेळ मांडलाय काय इथं? उचला ते!”

“मूळ संख्या एकाच ओळीत बसते, सर. तिच्या सारख्या ओळी पडत नाहीत. ह्यांच्या पडतात. एक्केचाळीस ओळी, एकेकीत एक्केचाळीस.”

सुरय्यानं आपला अर्ज पर्समध्ये कोंबला आणि खाली बसून ती ओळी लावू लागली. तिच्यामागं सगळी रांगच बसली. शेवटचा चिंचोका धुळानं ठेवला, तोवर साहेबाचा हात खिडकीच्या दाराला लागला होता.

“उरला का एक तरी? खिडकी लावू नगासा, साहेब. आदी सांगा, चुकलं कोण?”