भिंतीवरचा फेब्रुवारी

हसा खुशाल, पण अक्षरं मी माझी मीच शिकले. म्हणून नातीनं तारापूरच्या पावसाचा तक्ता भिंतीला चिकटवला, तेव्हा शेजारच्या हिरूला मीच वाचून दाखवला. "हे महिन्यांचे खांब. फेब्रुवारीला खांबच नाय. बोंबील वाळत टाक बिनधास्त!"

फेब्रुवारीत तक्ता गळून पडला. मागे भिंतीवर ओलीचे तसेच खांब उमटले होते. फक्त फेब्रुवारीच्या जागीही एक होता, वीतभर.

"हिरू, बोंबील काढ!"

"काकी, तुजी अक्षरं फिरली काय?"

दुपारी पाऊस आला. तिचे सगळे बोंबील नासले.

आता मी भिंतच वाचते. उद्या मे लागतो. आज हिरू बघायला आली. मेची ओल छपराला टेकली होती.

हिरू हसली नाही. म्हणाली, "काकी, होड्या वर ओढायला सांगू?"