पालक म्हणून लिहिलेलं नाव

"मृत्युपत्रात बाळाचे पालक म्हणून ज्यांचं नाव लिहिताय, त्यांची दरवर्षी विचारपूस करत जा," असं वकीलबाईंनी बजावलं होतं. तेव्हा बाळाची आई नुसती हसली होती. नाव तिच्या मावशीचं होतं, आणि मावशी चांगली खणखणीत होती.

आज लस टोचायच्या रांगेत बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. मागच्या बाकावर चार वर्षांच्या नातीला घेऊन एक आजी आणि तिचा भाऊ बसले होते.

"लेक-जावयाने पोरीसाठी माझंच नाव लिहून ठेवलंय, दादा."

"मग आणखी कोणाचं लिहिणार?"

"लिहिलं तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते रे. आता तुझं तोंडही धड दिसत नाही."

"त्यात तुझं काही नुकसान नाही."

"थट्टा पुरे. उगाच काळजी करतील म्हणून डोळ्यांचं त्यांना कधी सांगितलंच नाही मी. आता दोघंही राहिले नाहीत, आणि परवा कोर्टात मला विचारतील."

"खरं काय ते सांग."

"आणि पोरीला दुसरीकडे दिलं तर?"

"आणि लपवलंस, अन् भर रस्त्यात तिचा हात सुटला तर?"

तेवढ्यात आतून नातीचं नाव पुकारलं.

"आजी, पायरी आहे हं," नात हात धरून म्हणाली. "आता अजून एक."

बाहेर पडताच बाळाच्या आईने मावशीला फोन लावला.

"मला काय धाड भरलीय? मस्त आहे मी!" मावशी घाईघाईने म्हणाली.

"बरं. संध्याकाळी येतेच मी."

तुम्हीही असं कुणाचं नाव लिहून ठेवलं असेल, तर फोनवर भागवू नका. एकदा जाऊन बघून या.