काढून ठेवला की काढून टाकला?

हॅलो? … हां वहिनी, बोल. पटकन बोल हं, कामात आहे मी…

काय? बाईचा आवाज? … कुठल्या बाईचा?

बाबांच्या टॅबमधून? … आणि काय म्हणते ती? … "मला दाढी करायची आहे"? … अगं हसतेस काय! … नाही, मी नाही हसले. बरं, हसले थोडी. बाबा काय करतायत? … उशीखाली कोंबला टॅब? बरोबर आहे त्यांचं. जन्मभर स्टेशनवर माईकसमोर घोषणा केल्या त्या माणसाने, आणि आता ही कोण नाजूक आवाजाची पोरगी त्यांच्या दाढीचं बोलणार!

हो, हो… अगं ऐक ना. घाबरण्यासारखं काही नाही. बाबांनी स्वतः बोलून ठेवलेली वाक्यं सापडली नाहीत की ॲप तो तयार आवाज लावतं, एवढंच… कुठे जातील? असतील तिथेच.

आज दुपारी मी सांगितलं तसं नवं लावलंस ना? … तोच मेसेज. "जुना डबा काढ, नवा लाव." … मग झालं की. नवा लागलाय, चालतोय, फक्त वाक्यं…

थांब.

थांब, थांब… एक मिनिट काही बोलू नकोस.

अरे देवा.

वहिनी, वाक्यं डब्यातच होती गं.

कसला डबा म्हणजे? कंटेनर! टीव्हीखालच्या त्या छोट्या मशीनमधला… अगं, आमच्या ऑफिसातसुद्धा सगळे डबाच म्हणतात. ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र भरायचं, झाकण लावायचं, कुठल्याही मशीनवर नेऊन ठेवलं तरी चालतं. जुना झाला की फेकला, नवा लावला, कुणाचं काही अडत नाही… हो ना, म्हणूनच तर जपायची वस्तू डब्यात ठेवायची नसते! ती बाहेर ठेवायची, डब्याला नुसता रस्ता दाखवायचा. इथे नव्या पोरांना मी रोज घसा फोडून हेच सांगते, आणि बाबांच्या वेळी… घशाचं ऑपरेशन अचानक ठरल्या तारखेच्या आधीच घेतलं, आठवतंय ना? ते खुर्चीत बसून खोकत खोकत एकेक वाक्य बोलत होते. मी म्हटलं, आधी बोलून तर घेऊ देत, बाहेर हलवायचं मग बघू. ते मग राहूनच गेलं.

नाही, दुसरीकडे कुठेच नाहीत… दादाच्या फोनमध्ये तो एक वाढदिवसाचा व्हिडिओ आहे फक्त. त्यात तूच ओरडतेयस, बाबा कुठे ऐकू येतात?

पुन्हा? पुन्हा कसे बोलतील ते, वहिनी? आवाजाची पेटीच काढलीय त्यांची…

नाही रडत. रडत नाहीये मी. तू मला एक सांग, जुना डबा काढलास म्हणजे नेमकं काय केलंस? … काढलास हे कळलं गं! काढून ठेवलास की काढून टाकलास? … एकच कसं? जमीन-अस्मानाचा फरक आहे! लॅपटॉपवर त्या मशीनचं पान उघडतं ना, त्यावर डब्याच्या नावासमोर दोन चित्रं आहेत बघ. एक चौकोन, एक कचऱ्याची बादली. कुठलं दाबलंस? … आठवत नाही म्हणजे काय? आठव ना!

बरं, बरं, नाही ओरडत. लॅपटॉप उघड… का? … केसांना रंग लावून बसलीस? आत्ता? … काढ ते हातमोजे… गाऊनला पूस हात. मी घेऊन देईन नवा गाऊन.

आले, आले, दोनच मिनिटं! … तुला नाही गं, इथे साहेब दारातून खुणा करतायत. आमचंही सहालाच सगळं नवीन लागायचंय… ते राहू दे. काय दिसतंय? … दोन ओळी? दोन! नक्की दोन? एक हिरवी, आणि दुसरी? … करडी? नाव वाच तिचं… पुन्हा वाच…

अगं माझे आई! आहे! आहे तो डबा! करडा म्हणजे नुसता बंद केलाय. चौकोन दाबलास तू… काय म्हणतेस? काढ म्हणजे काढून ठेवच ना, असं वाटलं? … हो गं बाई, आपल्या घरात दुसरं काय वाटणार! मोडक्या इस्त्रीपासून फुटक्या बादलीपर्यंत सगळं आईने काढून माळ्यावरच ठेवलंय. पुरतं वळण लागलंय तुला आमच्या घराचं… इथे कॉरिडॉरमध्ये जमिनीवरच बसलेय मी.

हं… मग आता करड्यासमोर त्रिकोण दिसेल, तो… वहिनी, किती वाजले? … सहाला पाच कमी?

मेले.

सहाला साफसफाई होते गं! … घराची नाही, मशीनची! बंद पडलेले डबे आपोआप फेकले जातात, जागा भरू नये म्हणून… कुणी म्हणजे? मीच लावून ठेवलंय शहाणीने! दाब तो त्रिकोण, दाब लवकर… गोल फिरतंय? नुसतंच फिरतंय? … पुन्हा दाब… अजून फिरतंय?

सोड ते. मशीनची वायर उपट… उपट म्हणतेय ना! टीव्हीखाली, काळं, साबणाच्या वडीएवढं… अगं नीट बंद करायला वेळ कुठाय? ओढ! … काय बंद झालं? … तो टीव्ही, वहिनी. बाजूची ओढ… आता काय? वायफाय? … मल्टिप्लगच काढ भिंतीतून! … सोफ्यामागे आहे? मग सरकव सोफा! एकटीने सरकत नाही? … हॅलो? हॅलो, वहिनी? काय पडलं? …

बाबा? बाबांनी? … काठीने बटण बंद केलं? … स्वतः उठून आले? सगळं ऐकत होते होय पलंगावरून! … सगळे दिवे गेले ना? मशीनचा पण? छोटा निळा असतो तो… गेला. शाब्बास बाबा. शाब्बास!

साहेब, तुम्ही करा सुरू… हो, माझ्याशिवाय. घरचं आहे.

आता काहीच करायचं नाही. सहा वाजून जाऊ देत, मशीनच बंद असलं की साफसफाई हुकते… कुणी कशाला हात लावायचा नाही… केस धुवायला? आत्ता नाही हं जायचं! झाले जांभळे तर होऊ देत… बाबा काय करतायत? … बसवत नाहीये ना त्यांना. मलाही. तू फोन धरून ठेव फक्त, बोलली नाहीस तरी चालेल.

वाजले? … अजून थोडं जाऊ दे. माझाच भरवसा नाही मला…

हं, कर चालू. निळा दिवा आला? वायफायला वेळ लागेल जरा… आलं पान? ऐक, आधी नव्याचा चौकोन. दोघे एका दारात उभे राहिले तर कुणालाच आत जाता येत नाही… झाला करडा? आता जुन्याचा त्रिकोण. बादलीच्या आसपाससुद्धा बोट नेऊ नकोस, तुला माझी शपथ… हिरवा? खरंच हिरवा? … आज मी घरीच येते, पहिल्यांदा सगळी वाक्यं बाहेर काढून ठेवते. ठेवते गं, टाकते नाही म्हटलं मी!

टॅब दे त्यांना… दाबत नाहीत? तोंड फिरवलं? … फोन धर त्यांच्या कानाशी. धर ना.

बाबा, मी बोलतेय. चूक माझी आहे, वहिनीची नाही. एकदा बघा ना दाबून. दाढीचं नको, तुम्हाला हवं ते दाबा… ती पोरगी बोलली तर मीच उचलून फेकेन तो टॅब. दाबा ना, बाबा…

…

अगंबाई.

हो… ऐकलं मी, बाबा. तुमचाच आवाज. अगदी तुमचाच आहे… पण हे कधी बोलून ठेवलंत? मी तर बाजूलाच बसले होते… मी पाणी आणायला गेले तेव्हा? …

"बस झालं आता, फोन ठेव आणि कामाला लाग." … हो, बाबा. ठेवते… ठेवते हो… एकदाच परत दाबा, मग ठेवते.