पंधरा हंड्यांचं पिंप

—स्टूल नको, बसायला आले नाही मी. पिंप दे, निघते. कुठलं पिंप म्हणून काय विचारतोस? काल दुपारी स्नेहबंधच्या दुसऱ्या मजल्यावरून उतरवलंस ते — जस्ताच्या पत्र्याचं, पंधरा हंड्यांचं, कडेला एक पोचा आहे. आठवलं? आठवणारच. एका दिवसात काय विसरतोस, शत्रुघ्न, आणि पापडीत दुकान टाकून तुला वर्षं किती झाली? मराठी कळत नाही असं तोंड करू नकोस, काल भाव पाडताना चांगलं खणखणीत मराठी येत होतं. हे घे तुझे पैसे. दिलेस तसे आहेत, रुमालाची गाठसुद्धा सोडलेली नाही. आता ऊठ आणि पिंप काढ.

नाही कसं? विकलं म्हणजे विकलं? कुणी विकलं? माझ्या सुनेनं. माझी वस्तू, माझ्या नवऱ्यानं आणलेली, आणि मला न विचारता — काय? मी पण होते? होते की. घर माझं, मी कुठे असणार? — हो, जिन्यात हात लावला मी. तू एकटा आदळत-आपटत नेत होतास, भिंतीचा रंग जात होता, म्हणून धरलं एका बाजूनं. हो, "ने बाबा एकदाचं" असंही म्हटलं असेन. माणूस म्हणतं असं. म्हणजे लगेच न्यायचं?

तू बाईमाणसाच्या मधे बोलू नकोस, ऐक. संपदा तिचं नाव. सहा महिने झाले लग्नाला. बोलत नाही फारसं, नुसती बघते. चहाचा कप हातात धरून अशी बघते की मला वाटतं, ही मनात माझं काहीतरी लिहून ठेवतेय. माहेर कुठलं, तर दुष्काळी आटपाडीचं. जिथं माणसं आंघोळीचं पाणी म्हशीला दाखवून मग झाडाला घालतात तिथली मुलगी, आणि ती मला — वसईत सतरा वर्षं टँकरमागे धावलेल्या बाईला — सांगते, आई, पाण्याची एवढी काळजी नका करू, आता रोज येतं. रोज येतं! मला काय माहीत नाही? तीन वर्षं झाली, पावणेसहाला येतं, साडेसहाला जातं. पण उद्या येईल हे नळानं लिहून दिलंय का कुणाला?

भरायचे मी सगळं. त्यात लपवायचं काय? आधी पिंप. मग हंडा, चार कळशा, पाच बादल्या, पातेली, कुकर, थर्मास, सरबताच्या रिकाम्या बाटल्या. माझा मुलगा, संकेत, म्हणायचा, आई, चमचे राहिले. हसायचा. सकाळी नळ आला की कालचं सगळं शिळं पाणी मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. खालच्या मजल्यावरचा सेक्रेटरी वर येऊन म्हणाला, वहिनी, तुमच्या मोरीतून रोज नदी वाहते. म्हटलं, तुमच्या पोटात का दुखतं? पाणी माझं, कंबर माझी.

तर संपदानं काय केलं — पेपरच्या पुरवणीतलं एक कात्रण फ्रिजवर चिकटवलं. काळजीच्या सवयी कशा मोडाव्यात. कुणी डॉक्टरीणबाई, फोटोत अशी हसतेय जशी हिच्या घरात बंद करायला गॅसच नाही. त्यात लिहिलेलं, कुलूप लावताना मोठ्यानं बोलायचं, म्हणजे लावलं हे लक्षात राहतं, परत-परत ओढून बघावं लागत नाही. बरं म्हटलं, करू. जिन्यात उभी राहून म्हणाले, कुलूप लावलं, आज बुधवार. समोरची रेजिना दार उघडून बाहेर — काय झालं वैनी? म्हटलं, काही नाही, बुधवार झालाय. हसू नकोस. दुसरं काय, तर काळजीची वेळ ठरवायची. साडेचार ते पाच. दिवसभरातल्या सगळ्या काळज्या तेव्हा करायच्या, एरवी आली की तिला सांगायचं, साडेचारला ये. बसले. खुर्ची घेऊन गॅलरीत बसले काळजी करायला, तर एक आठवेल तर शपथ! अर्धा तास नुसती समोरच्या शेवग्यावरची पाखरं बघितली. आणि पाचला उठून कणीक मळायला घेतली तशा सगळ्या आल्या, रांग लावून.

तिसरं म्हणजे हे. रोज एक भांडं कमी भरायचं. एकदम नाही, रोज एकच. आधी बाटल्या गेल्या. मग थर्मास. मग कुकर — कुकर गेला त्या दिवशी बरंच वाटलं खरं तर, वरणाला तो रिकामा करत बसावं लागलं नाही. ती काही बोलायची नाही. सकाळी माझ्याबरोबर उठायची, बाजूला उभी राहायची, आणि त्या दिवसाचं भांडं पुसून पालथं घालायची. एवढंच. भांडण तरी करावं ना माणसानं! मी दहा वाक्यं बोलावीत आणि हिनं एक पातेलं पालथं घालावं. मग बादल्या, कळशा, हंडा. राहिलं पिंप. काल मीच म्हटलं — हो, मीच — आता हे एकटं काय करायचंय ठेवून, मोरीत पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात खालून तुझी आरोळी. तुलाही नेमकं कालच यायचं होतं.

आज सकाळी काय झालं माहितेय? सातला जाग आली. सातला! नळ येऊन गेला, मला पत्ता नाही. वीस वर्षांत नाही असं झालं. उन्हं पार उशीपर्यंत आलेली. पडून राहिले. अंग कसं हलकं, डोकं हलकं, पोटात काही नाही — तो रोजचा गोळा असतो ना, नाही तुला नसेल, तुला कसला असणार — तो नव्हता. मला कुठलीच काळजी आठवेना. आणि मग अशी घाबरले मी, शत्रुघ्न, अशी घाबरले. कारण असं, अगदी असंच मला याआधी एकदा वाटलं होतं.

का म्हणून विचारू नकोस. विचारत नाहीयेस? मग बघतोयस कशाला असा?

रविवार होता. नऊ वर्षांपूर्वीचा. टँकर यायचा होता संध्याकाळी. हे म्हणाले, जयवंती, एक दिवस नाही भरलंस तर आभाळ कोसळत नाही, चल. रेजिनाच्या भावाची, बॅप्टिस्टची वाडी आहे गिरीजला, त्यानं जेवायला बोलावलेलं. गेलो. केळीत खाटा टाकून बसलो. हे आणि बॅप्टिस्ट पत्ते खेळले, हे हरले, हरून हसले. मला घराची आठवण नाही, टँकरची नाही, कशाची नाही. मी आंबाडे खाल्ले मीठ लावून, लहान मुलीसारखे. रात्री आलो तर टँकर येऊन गेलेला. पिंप कोरडं. कळशीत अर्धं पाणी. हे म्हणाले, उद्या बघू. मी म्हटलं, बघू. मी! झोपलेसुद्धा छान.

सकाळी त्या पाण्याचा चहा केला. हे पेपर वाचत होते. अर्धा कप प्यायले. मी आतून म्हटलं, पेपर झाला का, तर बोलेनात. पेपर हातातच होता. चष्मा होता. माणूस नव्हता.

आता तू सांग. माणूस गेलं की आधी काय लागतं? आंघोळ घालावी लागते. आणि घरात पाणी नाही. अख्ख्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाकडे आपापल्यापुरतं, आणि मागायचं कुणाकडे, ज्यांना मी कधी तांब्याभर दिलं नव्हतं त्यांच्याकडे? लोक यायला लागले. बायका गळ्यात पडायच्या आणि मी विचारायचे, येताना पाणी आणलंत का? त्यांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. परिणाम कसला, मी टँकरवाल्याला फोन लावत होते. खालच्या वाण्याकडून, सात वेळा. रडले नाही मी त्या दिवशी. वेळच नव्हता. एक वाजेपर्यंत ठेवलं त्यांना तसंच, उकाड्यात. मग रेजिना आली जिना चढत, मागे बॅप्टिस्ट, दोघांच्या हातात कळशा, वाडीतल्या विहिरीच्या. म्हणाली, वैनी, पानी आनलंय. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला मला सुचलं नव्हतं.

दोन कळशा. त्यात ते गेले.

कळलं आता? काळजी ही सवय नाही, ती — राखण असते. माणूस जागं असलं की चोर येत नाही तसं. मी नऊ वर्षं राखण केली, आणि माझा मुलगा नऊ वर्षं धडधाकट घरी येतोय. ह्याला काय म्हणशील? उगाच? असेल उगाच. पण तो घरी येतोय ना? आणि ही दीड महिन्यात मला झोपवते! उठल्यावर मी तिला काय बोलले ठाऊक आहे? म्हटलं, तुला तुझा नवरा नकोसा झालाय का? असं बोलले मी. लग्नाला सहा महिने झालेल्या पोरीला. तिनं हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, आता रडेल, आता माहेरी जाते म्हणेल. तर म्हणाली, आई, मी येऊ का पिंप आणायला? मी म्हटलं, पाऊल ठेवू नकोस घराबाहेर.

आलीच आहे. ती बघ, मान वळवू नकोस एवढी — रसवंतीपाशी, हिरवा पंजाबी ड्रेस. रसाचा ग्लास घेऊन उभी आहे, पीत नाहीये. मला दिसत नाही असं तिला वाटतं. माझी काळजी करतेय! बघ कशी. कात्रण चिकटवते फ्रिजवर.

असो. तुझा वेळ जातोय आणि माझाही. पिंप आण. कुठे ठेवलंयस, मागे? रिक्षा मी बोलावते, तू फक्त एका बाजूनं धर. ऊठ ना. पैसे कमी वाटत असतील तर वर काय हवं ते बोल. बोल की. 

काय?

कापलंस?

कधी? — सकाळीच? आठ वाजता? म्हणजे मी जागी होऊन घरात बसले होते तेव्हाच — तो काय, तो पसरलेला पत्रा? तो? तो सपाट? नाही, तो नसेल. पोचा कुठे आहे त्याला. हो. आहे. हातोडीनं नीट केलास तरी दिसतोय.

मग मघापासून मला बोलू का दिलंस? आले तेव्हाच सांगता येत नव्हतं, बाई, कापलं म्हणून? दोन शब्द! ह्यांचं सांगितलं मी तुला. आंघोळीचं सांगितलं. सख्ख्या मुलाला सांगितलं नाही ते एका भंगारवाल्याला — आणि तू बसून ऐकतोस, पत्रा तिकडे वाळत घालून! लाज नाही वाटली? तोंड पाडू नकोस. "तुम्ही बोलत होतात" म्हणे. मी बोलत होते म्हणून तू गप्प? माझ्या घरात एक आहे तसली, दुसरी कशाला हवी होती!

हे काय? ग्लास कसला? पाणी? नको मला तुझं पाणी. ठेव ते. ठेव म्हटलं ना. आणि ते पैसे उचल स्टुलावरून, तुझे आहेत ते, मला नकोत. संपदानं काही विचारलं तर सांगायचं, बाई भावावरून भांडून गेल्या. बाकी एक अक्षर नाही. पायात काय टाकून ठेवलंयस हे सगळं, माणूस पडेल. सरक. सरक म्हटलं ना, वाट सोड.