आधी पडून दाखवायचं

नाही ताई, तसं नाही चालत, आधी पडायचं. हो, होडीतून, मुद्दाम — इथंच, कमरेएवढ्या पाण्यात. पडायचं, वर यायचं, आधी होडी धरायची, मग वल्हं. हे जमलं की सगळं तळं तुमचं. हसा, सगळेच हसतात. एक साहेब तर म्हणाले, पैसे देऊन पडू होय? म्हटलं, फुकट पडायचं तर पलीकडे खाण आहे. आमचे हे म्हणतात, तुझ्या पडापडीनं निम्मं गिऱ्हाईक पळतं. पळू दे. पळालेलं गिऱ्हाईक कोरडं तरी राहतं ना?

जॅकेटचा पट्टा ओढा — अजून — थांबा, मीच ओढते, ही धाकटी खांद्यावर झोपलीय म्हणून एका हातानं. दात येतायत तिला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही मघाशी विचारलंत, घराजवळ आणखी कुठं शांत पाणी आहे का. पाण्याला काय तोटा? पुलाखालची नदी आहे, सकाळी अगदी गरीब गाय, पण वर धरणाचे दरवाजे उघडले की पळायला जागा नाही. कालवा आहे, इस्त्रीच्या चादरीसारखा — पण काठ सिमेंटचे, शेवाळलेले, पाय कुठं रोवाल? खाणीतलं पाणी तर हलतसुद्धा नाही, आणि चारी बाजूंनी कडा. लोक पाणी बघतात, मी आधी काठ बघते. इथं काठ उतरता आहे, चिखल आहे पण पाय टेकतात, आणि त्या लव्हाळ्यानं वारा अडतो. तरी उन्हं चढली की वारा येतोच. म्हणून जाताना वारा तोंडावर घ्यायचा, दमल्यावर तोच ढकलत आणतो. लोक उलटं करतात — जाताना मजेत, येताना रडत.

काय? होडीतली पुढची जागा रिकामी आहे म्हणून काय झालं? रिकामी राहू दे. अच्छा — म्हणजे तिनं विचारलंच तुम्हाला! बघा, उभी आहे पंपाच्या खोलीआड, ओल्या कपड्यांनी, दिसत नाही असं वाटतंय तिला. आमची थोरली. बाप बेडकी म्हणतो. नाही, तिला नाही सोडत मी, तिची परीक्षा व्हायचीय. म्हणजे झाली, सकाळीच झाली — पण वर आली तेव्हा केस तोंडात गेले होते. केस बांधून आली, तर म्हटलं, वल्हं उशिरा धरलंस. त्याच्या आधी… आधी काय बरं होतं? काहीतरी होतं. सातवीतनं शाळा सुटली माझी, पण मास्तरीण झालेय बघा. हे म्हणतात, तुझ्या शाळेत लेक सोडून सगळं गाव पास!

पोहते हो ती. माझ्यापेक्षा — छे, मला कुठं येतं, मी अजून त्या होडीत पाय नाही ठेवला. नाही नाही, काही झालेलं नाही आमच्याकडे. सगळे असंच विचारतात, हळू आवाजात, कुणी बुडलं होतं का म्हणून. कुणीही नाही. झालं असतं तर सांगता तरी आलं असतं, लोकांनी ऐकून घेतलं असतं. नुसती भीती कोण ऐकतं? सासूबाई म्हणतात, तळ्याकाठी दिली आणि पाण्याला भिते, मग दिली कशाला. त्यांनाही मी कधी उलट बोलले नाही. दमले मी, ताई. सारखं बघत राहायचं, कोण कुठवर गेलं, कोण वळलं, कोण दिसत नाही — स्वयंपाक करताना सुद्धा खिडकीतनं बघते. पोळ्या करपतात. ही रडते तेव्हा बरं वाटतं, रडतेय म्हणजे आहे.

आणि तुम्हाला सांगते, सकाळी ती पडली — छान पडली, कुणाला येणार नाही असं — वर आली, आणि होडी तिच्या कोपराला लागून होती हो, हात लांब केला की झालं. पण तिनं होडीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाकडे. आई काय म्हणते, पास की नापास — आणि होडी गेली वाहत. पूर्वी नव्हती करत असं. उन्हाळ्यात हसत वर यायची आणि झडप घालायची होडीवर.

उन्हाळ्यात पास झाली होती ती. तेव्हाच.

नको, पाणी नको मला, तुमच्याकडेच ठेवा बाटली, लागेल. हिचं डोकं जड झालंय, दुसऱ्या खांद्यावर घेते.

ए बेडके! ये इकडे. दात वाजतायत बघ कसे. रडतेस काय, जॅकेट आण तुझं, लाल. पट्टा मी नाही ओढणार, तुझा तू ओढ, या मावशीला दाखव. ताई, उथळातच पडा दोघी एकदा, तुम्ही आणि ती, मग लव्हाळ्याच्या अलीकडून निघा. नाही, मी नाही थांबत इथं. मी काठावर दिसले तर ती परत माझंच तोंड शोधेल. आत जाते मी. खिडकीही लावून घेते.

जमलं की नाही ते मला ओरडून सांगू नका, ही उठेल. निघा ना — उभ्या काय राहिलात!