दोन दिवसांचा पाहुणा

या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या मंडळीचे थोरले वडील मल्कूबाबा. नदी ओलांडून मुद्दाम आलेले पलीकडच्या गावच्या मंडळीचे सेवक. माझ्या विश्वासातल्या भावांनो आणि बहिणींनो. बाप्तिस्म्याची वाट पाहत दाराशी उभ्या असलेल्या श्रोत्यांनो. आणि आजचे सत्कारमूर्ती... मल्कूबाबा, डोळे वटारू नका. 'मूर्ती' हा शब्द या अंगणात चालायचा नाही, हे आलं ध्यानात. तर, आजचे सन्माननीय पाहुणे, प्रभूचे प्रेषित, आपले भाऊ झब्दाई. सर्वांना शांती असो.

'भाऊ' म्हणताना मी अडखळले ते तुम्ही ऐकलंत. मागे मुली हसतायत. हसा, हसा. मंडळीत सगळे एकमेकांचे भाऊबहीण, ही शिकवण सुंदरच आहे. पण ज्याच्याबरोबर संसार केला, त्याला चारचौघांत भाऊ म्हणायची पाळी आली की बाईमाणसाची पंचाईत होते. परवा संध्याकाळी मल्कूबाबा या पाहुण्यांना घेऊन माझ्या दाराशी आले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "बहीण शमुनी, या प्रवासी भावाची तुझ्याकडे सोय होईल का?" आता सांगा, काय उत्तर द्यायचं? ज्याने या घराच्या भिंती लिंपल्या, त्याच्यासाठी माझी परवानगी! मी म्हटलं, होईल की, जागा ओळखीची आहे त्यांच्या.

पाहुण्यांचं स्वागत करण्याचा मान या घराला पहिल्यापासून मिळाला, हे मी माझं भाग्य समजते. किती प्रेषित, किती संदेष्टे या ओट्यावर बसून गेले! सगळेच सारखे नव्हते. तो अपामियाकडून आलेला संदेष्टा आठवतो ना? जेवायच्या वेळी अंगात आल्यासारखा डोळे मिटून म्हणाला, "आत्मा बकरा कापायला सांगतोय." मल्कूबाबा म्हणाले, "आमच्याकडे आत्म्याने मसूर पाठवलाय." बिचारा दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेला. असल्या लोकांमुळेच तर आपल्याला नेम घालावा लागला, की पाहुणा प्रेषित दोन दिवस राहील. तिसऱ्या सकाळीही वाटेला लागला नाही, तर तो खोटा समजावा. नेम चांगलाच आहे. मी स्वतः तो किती जणांना बजावून सांगितलाय. तो कधी माझ्याच जिवावर उठेल असं वाटलं नव्हतं.

आलेल्या प्रत्येकाचे पाय धुणं हे यजमानिणीचं काम. आज तुमच्यासमोर सांगते, मी ते काम प्रेमाने करत होते, पण निव्वळ प्रेमाने नाही. पाय धुताना मी हळूच विचारायचे, "वाटेत कुठे झब्दाई नावाचा कुंभार भेटला का?" कुणी म्हणायचा, एदेस्साच्या वाटेवर दिसला. कुणी म्हणायचा, तुरुंगात आहे. एकाने तर, बहुतेक गेला, असं सांगून वर मीठ मागून घेतलं. सहा वर्षं. माणूस प्रभूच्या कामाला गेलाय म्हटल्यावर रडायची सोय नव्हती. कुणाच्या नवऱ्याला सैन्यात धरून नेलं तर बायको दाराशी बसून गळा काढते, चार बायका पाणी आणून देतात. मला सगळ्या म्हणायच्या, धन्य आहेस. मी धन्य होते आणि रात्री त्यांच्या अंथरुणाची बाजू हाताने चाचपत होते. मला ते हवे होते. अजूनही हवे आहेत. हे बोलायला लाज कसली?

परवा त्यांचेच पाय पाण्यात घेतले. टाचा फुटून दगड झाल्या होत्या. मला विचारायला काही उरलंच नव्हतं. तेच म्हणाले, "शमुने, पाणी थंड झालं गं." मी म्हटलं, होऊ दे.

काल सकाळी अंगणात आवाज आला म्हणून बाहेर आले, तर पाहुणे चाकाशी बसलेले. ते चाक मी विकलं नव्हतं. दोनदा गिऱ्हाईक आलं होतं, दोन्ही वेळा मी ते तडकलंय म्हणून खोटं सांगितलं. सेवकांनी हे ऐकलं नाही असं समजू या. त्यांच्या हाताखालून गाडगं उभं राहिलं, जरासं वाकडं. मल्कूबाबा दारातून पाहत होते. तुम्हाला ठाऊक आहे, ज्याला हातचा धंदा येतो त्याला आपला नेम राहू देतो. कष्ट करावे, खावं, मंडळीत बसावं. बाबा मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "झब्दाई, चाक तुझं, माती नदीकाठी पडलीय. राहा की रे. नेमाचं मी बघतो."

मी श्वास रोखून उभी होते.

यांनी हात धुतले आणि डोंगरापलीकडच्या गावांचं सांगायला लागले. म्हणाले, "बाबा, तिकडे मी अंगणात बोलतो, पुरुष समोर बसतात. बायका पडद्याआड उभ्या राहतात. कान देऊन ऐकतात, मला त्यांचा श्वास ऐकू येतो. पण आत जाऊन त्यांना शिकवणारं, बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरवणारं कुणी नाही. त्या तशाच उभ्या आहेत."

बाबा गेल्यावर मी सरळ विचारलं, मग माझं काय? तर हे खाली बघत म्हणाले, "मला थांबता येत नाही. आणि तुला चल म्हणायला जीभ रेटत नाही. हे घर तुझं एकटीचं राहिलंय का? सगळी मंडळी इथे बसते." मी उठले आणि मसूर निवडायला घेतला.

सहा वर्षांपूर्वी मी थांबले, कारण तेव्हा आपल्याला दुसरं छप्पर नव्हतं. मल्कूबाबांनी विचारलं होतं, तू गेलीस तर प्रभुभोजन कुठे करायचं? त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हा आपण मूठभर होतो, आणि गावात कुणी आपल्याला ओसरीवर उभं करत नव्हतं. मी थांबले त्याचं मला दुःख आहे, पश्चात्ताप नाही. या अंगणात मी तुमच्या लेकीसुनांना प्रभूची वचनं तोंडपाठ करून दिली, हात धरून त्यांना नदीत उतरवलं. काठावर आल्यावर त्या थरथरायच्या, मला बिलगायच्या. यापेक्षा आणखी काय मागावं माणसाने?

मी मात्र मागत राहिले. दर वेळी नदीच्या पलीकडचा रस्ता दिसायचा आणि वाटायचं, तिकडेही अशाच कुणी उभ्या असतील. ही ओढ नुसती नवऱ्याची नव्हती, हे मला काल मसूर निवडताना कळलं. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत हे माझं नशीब.

बहीण मर्ताई, जरा पुढे ये. लाजू नकोस. ही दासी म्हणून या गावात आली, मुक्त झाली, आणि शिष्या म्हणून माझ्यापुढे बसली. आज तिला प्रत्येक वचन पाठ आहे. मी चुकले तर ती खोकते. तिचा मसूर माझ्यापेक्षा चांगला होतो, हे तुम्ही माझ्या पाठीमागे बोलता ते मला माहीत आहे. मल्कूबाबा, हे घर आजपासून मंडळीचं, आणि घराची ही किल्ली मर्ताईच्या हाती. कुंभाराचं चाक कुणा गरजू भावाला द्या. ते तडकलेलं नाही.

अहो, वर बघा. तुमची जीभ रेटत नव्हती ना? माझी रेटली. वाटेपुरत्या भाकरीपलीकडे प्रेषिताने काही घेऊ नये, असा नेम आहे. मी दोघांपुरत्या भाजल्या आहेत.

मल्कूबाबा, डोळे पुसा, अध्यक्षांनी असं करू नये. मला बोलायची संधी दिलीत, इतकी वर्षं पाठीशी उभे राहिलात, त्याबद्दल आपले आणि वेळ काढून आलेल्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं निघून गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते आत्ताच, या घटकेला पोटात घाला. उद्या सकाळी माफी मागायला मी इथे नसेन.